रोम-फ्लॉरेन्ससाठी कोणत्या लेन्स न्याव्यात: मित्रास पत्र

सातारा

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मे महिन्यात वहिनींसह रोम आणि फ्लॉरेन्स पाहण्याचे नक्की झाले हे वाचून फार आनंद झाला. सांगलीतील दुकानदाराने तुला १८-२०० मिलिमीटरची झूम लेन्स (आकडा लहान तितके दृश्य रुंद, मोठा तितके लांबचे जवळ) घेण्याचा सल्ला दिला आहे आणि ‘एकच लेन्स, बदलण्याची कटकट नाही’ हे त्याचे म्हणणे तुला पटत चालले आहे, असे पत्रावरून दिसते. माझे मत नेमके उलट आहे. ते का, हे सविस्तर लिहायचे म्हणजे पत्र लांबणार, तेव्हा चहाचा कप घेऊनच वाचायला बस.

आपण दोघांनी आजवर काढलेली बहुतेक छायाचित्रे मोकळ्या जागेतली आहेत. कासचे पठार, सज्जनगड, सांगलीचा कृष्णेचा घाट, आयर्विन पूल. यांपैकी कोठेही चौकटीत काही मावेनासे झाले तर चार पावले मागे जाता येते. रोमच्या आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात ही सोय फारशी नाही. चार-पाच मजली घरांच्या मधून जाणारी अरुंद गल्ली वळते आणि अचानक समोर एवढे प्रचंड काही उभे राहते की पाठ मागच्या भिंतीला लागली तरी त्याचा माथा चौकटीबाहेरच राहतो. म्हणून या प्रवासासाठी लेन्स निवडताना लांबचे किती जवळ दिसेल हा प्रश्न मागे ठेव आणि मला मागे किती सरकता येईल हा प्रश्न पुढे घे.

हे नुसते बोलण्यापुरते नाही, त्याचे गणित सोपे आहे. तुझ्या कॅनन कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पट, २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ मिलिमीटर उंच आहे. लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्याने, २२.३ ला भागले आणि समोरच्या वस्तूपासूनच्या अंतराने गुणले, की आडव्या चौकटीत किती रुंदी मावेल ते कळते. ट्रेव्हीचे कारंजे सुमारे ४९ मीटर रुंद आणि २६ मीटर उंच आहे. तुझी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स १८ वर ठेवून ते संपूर्ण बसवायचे तर त्याच्या दर्शनी भिंतीपासून सुमारे ४० मीटर लांब उभे राहावे लागेल. तोच फोटो १० मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे २२ मीटरवरून निघेल. मधे पाण्याचे मोठे कुंड, कुंडाभोवती पायऱ्या, सभोवती माणसांची दाटी, आणि चौक असा लहान की ४० मीटरसाठी मागे सरकत गेलास तर समोर कारंज्यापेक्षा डोकीच अधिक दिसतील. दुकानदाराची लेन्स सुरू होते तीही १८ पासूनच. म्हणजे जे काही तो सांगत असेल ते मोजूनही तू कारंज्यासमोर आहे तेथेच उभा राहशील.

रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या आत हाच हिशेब अंशांत करावा लागतो. त्या घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. माथ्यावर सुमारे नऊ मीटरचे उघडे गोल गवाक्ष आहे आणि जवळजवळ सगळा उजेड तेथूनच येतो. एका बाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिलास आणि समोरच्या भिंतीच्या पायथ्यापासून ते संपूर्ण गवाक्षापर्यंत सारे एका उभ्या चौकटीत हवे असेल, तर सुमारे सत्तर अंशांचा कोन लागतो. १८ मिलिमीटरची लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर उभी धरली तर ६४ अंश देते आणि १० मिलिमीटरची ९६. एकीत थोडक्यासाठी हुकते, दुसरीत चौकट हवी तशी सावरून घ्यायला जागा उरते. ती वास्तू इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, सम्राट हेड्रिअनच्या काळातली आहे. तिच्या आत जाऊन गवाक्ष अर्धे कापलेले छायाचित्र आणणे माझ्याने तरी सोसवणार नाही.

तेव्हा पहिली लेन्स ठरली: कॅननची १०-१८. वजन २४० ग्रॅम, किंमतही बेताची, आणि हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा (स्थिरीकरण) तिच्यात आहे. ती विकत घेऊ नकोस. माझ्याकडची घेऊन जा. तुझ्याच कॅमेऱ्याला बसणारी आहे.

मात्र एवढी रुंद लेन्स हाताळण्याची एक शिस्त आहे. कॅमेरा वर झुकवला की इमारतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे कलू लागतात आणि चर्च मागे रेलल्यासारखे दिसते. १८ वर हा दोष खपून जातो, १० वर खपत नाही. म्हणून बाहेरून इमारत घेताना कॅमेरा शक्यतो सपाट धर, तुझ्या कॅमेऱ्यात पडद्यावर जाळी दाखवण्याची सोय आहे ती चालू ठेव, आणि चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात जी फरशी, जे पाणी किंवा जी माणसे येतील त्यांचा उपयोग करून घे. नको असतील तर घरी येऊन काप. आणखी एक गोष्ट वहिनींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या लेन्सच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो. त्यांना चौकटीच्या कोपऱ्यात उभे करून १० वर फोटो काढलास, तर तो घरी दाखवण्याजोगा राहणार नाही आणि त्याचा दोष लेन्सला दिलेला त्या ऐकून घेणार नाहीत. माणसे मुख्य असतील तेव्हा १८ च्या पुढेच राहा.

दुसरी लेन्स म्हणजे तुझ्याकडची १८-५५. तिला किट लेन्स म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, पण २१५ ग्रॅममध्ये ती दिवसभरातील निम्म्याहून अधिक काम करील. कलोझिअम बाहेरून ४८ मीटर उंच असले तरी त्याच्या भोवती मोकळी जागा आहे, तेथे ती पुरते. फ्लॉरेन्समधील मायकेलअँजेलोचा डेव्हिड ५.१७ मीटर उंच आहे, तेथेही ती पुरते. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकापाशी तर तिचे लांबचे टोकच कामाला येते. त्या चर्चचा पुढचा भाग नंतर लांबवला गेला, त्यामुळे जसजसे जवळ जावे तसतसा घुमट दर्शनी भिंतीमागे बुडत जातो. अगदी समोर गेल्यावर १० मिलिमीटरची लेन्सही तो परत आणू शकत नाही. तेथे उलट चालत चौकाबाहेर, नदीकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर जा आणि ५५ वर ठेवून काढ. घुमट भिंतीच्या वर पुन्हा उगवलेला दिसेल.

आता उजेडाचा विषय, ज्यावर आपले मतभेद होणार हे मला ठाऊक आहे. एफ/१.८ ची (एफपुढचा आकडा लहान तितका उजेड अधिक) ५० मिलिमीटरची लेन्स स्वस्त आणि उत्तम आहे, ती चर्चच्या अंधारात चालेल, असे तू लिहितोस. उजेडापुरते तुझे बरोबर आहे: एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पण तुझ्या कॅमेऱ्यावर तिचा कोन फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरच्या ८० मिलिमीटरइतका अरुंद होतो. चर्चच्या आत तिच्यातून एखादा खांब दिसेल, मूर्तीचे मुख दिसेल, छत दिसणार नाही. शिवाय आतली दृश्ये बहुतांशी स्थिर असतात. खांब हलत नाहीत, भित्तिचित्रे हलत नाहीत. तेव्हा स्थिरीकरण असलेल्या साध्या लेन्सने एक-अष्टमांश सेकंदाचा फोटोही हातात धरून निभावतो, आणि ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी परवानगीच नसते. अंधारात उघड्या ॲपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची) खरी गरज लागते ती हलत्या माणसांसाठी, म्हणजे रात्रीच्या रस्त्यावर, उपाहारगृहाच्या दारात, पुलावर वाजवत बसलेल्या वादकासमोर.

त्या कामासाठी मी तिसरी लेन्स सुचवतो ती कॅननची २४ मिलिमीटर, एफ/२.८. वजन १२५ ग्रॅम आणि जाडी एवढी कमी की कॅमेऱ्यावर लावली तरी लेन्स लावल्यासारखे वाटत नाही. तिच्याबद्दल अवाजवी अपेक्षा मात्र ठेवू नकोस. तुझी १८-५५ देखील २४ वर एफ/४ च्या आसपास उघडते, म्हणजे फरक दुप्पट उजेडाचा आहे, दसपट नव्हे, आणि हिच्यात स्थिरीकरण नाही. तिचा मोठा गुण तिचा लहानपणा. सतत पुढे आलेली मोठी लेन्स पाहून समोरची माणसे सावध होतात. हिच्याकडे कोणी पाहत नाही. एफ/१.८ चेच वेड असेल तर सिग्माची १८-३५ आहे, काच अप्रतिम आहे, पण ८१० ग्रॅमचा तो गोळा रोमच्या दगडी फरसबंदीवरून दिवसभर वागवायचा असेल तर माझ्याकडे तक्रार करू नकोस.

एक बेरीज करून दाखवतो. २४०, २१५ आणि १२५ मिळून ५८० ग्रॅम होतात. कॅननची १८-२०० एकटीच ५९५ ग्रॅमची आहे.

राहिली तुझी ५५-२५० ही लांब पल्ल्याची लेन्स. ती घरी ठेव, असे मी म्हणतो. तुला ती हवी आहे ती फ्लॉरेन्समधील नदीपलीकडच्या टेकडीवरून, पियात्साले मिकेलांजेलोवरून, कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट टिपण्यासाठी, आणि ही इच्छा रास्त आहे. १४३६ साली पूर्ण झालेला तो घुमट शहराच्या छपरांवर जसा तेथून दिसतो तसा खालून कोठूनही दिसत नाही. कॅथेड्रल त्या टेकडीपासून सव्वा किलोमीटरहून थोडे अधिक दूर आहे. ५५ मिलिमीटरवर तेवढ्या अंतरावरून सुमारे सव्वापाचशे मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते, आणि त्यात कॅथेड्रल तर येतेच, पालाझ्झो वेक्कियो या जुन्या नगरभवनाचा मनोराही येतो. फक्त घुमट हवा असेल तर तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून लांबी-रुंदीने निम्मा भाग कापून घे. उरलेल्या सहा मेगापिक्सेलमध्ये १२ बाय ८ इंचाची प्रत स्वच्छ निघते. एका संध्याकाळच्या एका चौकटीसाठी ३७५ ग्रॅम आठवडाभर खांद्यावर बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. पक्ष्यांचे फोटो काढायला तू इटलीला चाललेला नाहीस.

तू गटासोबत जाणार आहेस, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शक घड्याळ दाखवत असतो आणि गर्दीत उभे राहून लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ आणि खिशावर परका हात, दोन्हींना आमंत्रण. म्हणून सकाळी निघतानाच त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून लेन्स ठरव. चर्च आणि जुन्या गल्ल्या असतील तर १०-१८ लावून नीघ, उघडी अवशेषस्थळे असतील तर १८-५५, आणि रात्री फक्त २४. मे महिन्याच्या उत्तरार्धात रोममध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. नेमक्या त्या वेळी गटाचे जेवण चालू असते. जेवण लवकर आटोपून दोघे बाहेर पडा; आकाश गडद निळे आणि दिवे पिवळे असण्याचा तो अर्धा-पाऊण तास सहलीच्या पत्रिकेत छापलेला नसतो.

व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्रणाला बंदी आहे, तेव्हा तेथे लेन्सचा विचारच करू नकोस. मान दुखेपर्यंत छताकडे पाहा. त्याची भरपाई संत इग्नाझिओच्या चर्चमध्ये करता येईल. तेथे आंद्रेआ पोझ्झो याने सपाट कापडावर खोटा घुमट रंगवला आहे, आणि तो खरा भासावा म्हणून कोठे उभे राहायचे त्याची खूण जमिनीवर संगमरवराच्या चकतीने केली आहे. त्या चकतीवरून दोन पावले सरकलास की घुमट वाकडा होतो. सहलीच्या यादीत हे चर्च बहुधा नसेल, पण पँथिऑनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे.

पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) नेऊ नकोस. १० मिलिमीटरवर तो आकाशाचा एक पट्टा काळानिळा करतो आणि बाकीचे फिके ठेवतो. दुसरी बॅटरी मात्र अवश्य ने.

जाण्यापूर्वी थोडा सराव हवा. २४ ची लेन्स घेऊन सांगलीच्या गणपती पेठेत भर बाजाराच्या वेळी एक फेरी मार आणि झूम नसताना पाय कसे हलवावे लागतात ते पाहा. १०-१८ साठी साताऱ्यालाच ये. आपण लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीवर जाऊ. आतली अंधारी दालने, कमानी आणि वरून येणारा उजेड यांत पँथिऑनची तालीम चांगली होईल. येत्या दोन-तीन रविवारांपैकी कोणता सोयीचा ते कळव. येताना कॅमेरा, चार्जर आणि तुझी १८-५५ आण, आणि त्या दुकानदाराला आगाऊ रक्कम दिली असशील तर आधी ती परत मागून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
साताऱ्याचा मित्र