फादर गेले, बावखले तरी राहू द्या

मा. संपादक,

येत्या 25 जुलैला आमच्या वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा स्मृतिदिन. 2024 साली ते गेले तेव्हा पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. तरी नंदाखालच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते, गळ्यात तुळशीची माळ. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, प्रार्थना त्यांना येत नव्हत्या. सगळे उठले की उठायचे, सगळ्यांनी मान झुकवली की झुकवायचे. बाहेर पडताना भर पावसात छत्री तशीच मिटलेली हातात. "आमचे फादर गेले," एवढेच म्हणाले.

2020 साली उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूला हा मान कशाला, असे काही जण म्हणाले. माझ्या आईला ते फार लागले. तिची शाळा चौथीत सुटली. पण फादर संपादक असताना 'सुवार्ता' घरी आले की भाताचे भांडे उतरवून ती ओटीवर बसायची आणि ओळीखाली बोट धरून वाचायची. घरात आमची कुपारी बोली; पुस्तकी मराठी तिने त्या मासिकातूनच उचलली. पुढे त्यांचे 'सुबोध बायबल' आले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. आईला पुरस्काराचे काय! "आता देव आपल्याला कळेल असं बोलतो," म्हणायची.

तरीही वसईकर म्हणून मला ते सर्वांत जास्त आठवतात ते रस्त्यावर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे सावट आले, तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'च्या मागे हा धर्मगुरू पाय रोवून उभा राहिला. धमक्यांना बधला नाही. आमच्यासाठी ती लढाई पाण्याची होती. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : बावखल म्हणजे वाडीतले खोदलेले तळे. पावसात ते तुडुंब भरते, पाणी जमिनीत मुरते आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून लांब राहते. आमच्या बावखलावर आजोबांचा रहाट होता. त्यावर केळी, पानवेली जगायच्या. टँकरवाल्यांचा उपसा वाढला आणि एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याचा चहा नासू लागला. आईने तीनदा आधण बदलून पाहिले, मग पदराला हात पुसत नुसती चुलीपुढे बसून राहिली.

दरवर्षी या दिवशी फादरांच्या फोटोचे मोठमोठे फलक लागतात. लावणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण गेल्या दिवाळीनंतर जवळच्याच एका वाडीतले बावखल डेब्रिज टाकून बुजवले गेले, आणि त्याच्याच कडेला फादरांचा फाटका फलक वाऱ्यावर फडफडत होता. ते बघून पोटात तुटले. फलकाचा खर्च एखाद्या बावखलाला कुंपण घालण्यात जाऊ दे. प्रशासनाने गावोगावच्या बावखलांची नोंद करून ती बुजवणाऱ्यांवर कारवाई करावी, ही कळकळीची विनंती.

आमच्या आळीने ठरवले आहे : 25 तारखेला मिस्सा झाली की आमच्या बावखलातली जलपर्णी काढायची. तुळशीची माळ घातलेले ते गृहस्थही येणार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी कोयता आणि टोपली घेऊन यावे.

– एक वाचक, नंदाखाल, वसई