'ऊन विसरा' म्हणणाऱ्या तुमच्या नेच्याच्या कॅप्सूलबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

स.न.वि.वि.

मी सोलापुरात एका शाळेत खेळ शिकवते. एप्रिलमध्ये आमचं उन्हाळी शिबिर असतं. सकाळी साडेसहाला मैदानावर उभी राहिले की सुटायला अकरा वाजतात. गालांवर वांगाचे डाग, त्यामुळे सनस्क्रीन लावावंच लागतं आणि ते घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतं. शिट्टी वाजवू की डोळे पुसू, अशी गत. तुमच्या जाहिरातीने नेमकं हेच दुखणं हेरलं: 'रोज एक कॅप्सूल, दिवसभर ऊन विसरा. चिकट क्रीमची कटकट संपली. आतून एसपीएफ ५०.' १,६५० रुपये मोजून ३० कॅप्सूलची बाटली मागवली. पावती सोबत जोडली आहे.

अकरा दिवस रोज सकाळी सहाला एक कॅप्सूल घेतली आणि तुमच्यावर विसंबून सनस्क्रीन बंद केलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी टी-शर्टच्या कॉलरच्या वरचा मानेचा पट्टा तव्यावर टेकल्यासारखा लाल झाला. रात्री उशीला मान लावता येईना, आंघोळीचं कोमट पाणीही सोसेना. चार दिवसांनी साल सुटली. मान बरी झाली, पण वर्षभर मलमं लावून फिके केलेले गालांवरचे डाग पुन्हा गडद झाले, त्याचं काय?

त्वचेच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "सनस्क्रीन कधी सोडलंत?" त्यांच्या मते कॅप्सूलमधला हा नेच्याचा (फर्नचा) अर्क अगदीच टाकाऊ नाही, काही पेशंटना ते स्वतःही देतात, पण सनस्क्रीन, टोपी आणि सावली यांच्या सोबत. हा 'सोबत' शब्द तुमच्या जाहिरातीत कुठे आहे? बाटलीवर आहे म्हणे. मुलाने मोबाइलने फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठे 'सनस्क्रीनला पर्याय नाही' ही ओळ वाचता आली.

एसपीएफ हा त्वचेवर लावायची क्रीम उन्हापासून किती वाचवते, त्याचा आकडा. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून तो मोजतात. गिळायच्या कॅप्सूलला तो कसा चिकटवलात? असे दावे करून गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्येच नोटिसा धाडल्या होत्या.

तुमच्या 'क्लिनिकली प्रूव्हन' या दाव्याचंही बघितलं. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ९ निरोगी, गोऱ्या माणसांना वजनाच्या किलोमागे साडेसात मिलिग्रॅम अर्क दिला होता. त्यांच्या त्वचेची लाली कमी झाली, थांबली नाही. माझं वजन ६४ किलो, म्हणजे हिशेब ४८० मिलिग्रॅमवर जातो. तुमच्या एका कॅप्सूलमध्ये १२० आहेत. त्या मापाने महिन्याची म्हणून विकलेली बाटली साडेसात दिवसांत संपेल!

आणखी एक. लेबलवर धुकं, कडा आणि 'सह्याद्रीच्या कुशीतून'. घटकांत मात्र 'पॉलीपोडियम ल्युकोटोमॉस'. तो नेचा मध्य अमेरिकेतला, होंडुरास-ग्वाटेमालाकडचा. तिथे त्याला कालाग्वाला म्हणतात. दर पावसाळ्यात मुलांना घेऊन मी गड चढते. सह्याद्रीतले नेचे आम्हाला नवे नाहीत. परदेशी अर्क वापरला म्हणून तक्रार नाही, पण मग चित्र आमच्या डोंगराचं कशाला?

तुमच्या ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच: 'परिणाम व्यक्तीनुसार बदलतात, उघडलेली बाटली परत घेत नाही.' न उघडता गुण कसा कळावा, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

बाटलीचे पूर्ण पैसे आणि डॉक्टरांची ७०० रुपये फी परत करा. जाहिरातीतून 'एसपीएफ ५०' आणि 'क्रीमची कटकट संपली' काढा, आणि 'सनस्क्रीनला पर्याय नाही' ही ओळ बाटलीच्या पुढच्या बाजूला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मानेचे तारखेसह फोटो आणि उरलेल्या १९ कॅप्सूल जपून ठेवल्या आहेत. माणूस पाठवलात तर मोजून देईन.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर