फाटलेलं, फाडलेलं आणि पोत्यातले कपटे

बर्लिन

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फाटलेल्या वस्तूला जर्मनमध्ये काय म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. रोजच्या बोलण्यात ‘त्सेरिसन’. आपण फाटलेलं आणि फाडलेलं वेगळं ठेवतो, इथे एकाच शब्दावर भागतं. मनाची ओढाताण झालेला माणूससुद्धा ‘त्सेरिसन’. कापडाच्या चिंध्या ‘फेत्सन’, कागदाचे कपटे ‘श्निप्सल’.

पण फाडलेल्या कागदांसाठी एक सरकारी शब्दही आहे, ‘फोरफरनिश्टेट’, म्हणजे पूर्वनष्ट. तो पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, श्टाझीच्या दप्तराशी जोडलेला आहे. 1989 मध्ये राजवट ढासळू लागली तशी त्यांनी कागदपत्रं नष्ट करायला घेतली. यंत्रं पुरेनात, म्हणून हातांनी फाडून पोती भरली. उरलेला नाश नंतर करायचा होता. तेवढ्यात लोकच कचेऱ्यांत शिरले: 4 डिसेंबरला एरफुर्टमध्ये, 15 जानेवारी 1990 ला इथल्या मुख्यालयात. सुमारे 16,000 पोती वाचली.

तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये जीर्ण फेरफार खळीने जोडायचात, म्हणून पुढचं खास तुमच्यासाठी. 1995 पासून न्युरेंबर्गजवळच्या त्सिर्नडोर्फ गावात माणसं हे कपटे हातांनी जुळवू लागली. कागदाचा रंग, शाई, अक्षर, फाटलेली कड बघायची आणि चिकटपट्टी लावायची. एका टेबलावरचे कागद बहुधा एकाच पोत्यात गेले होते, त्यामुळे एका पानाचे तुकडे एकमेकांजवळच सापडतात. यंत्राने बारीक पट्ट्या केल्या असत्या तर हे फारच अवघड झालं असतं. अशी सुमारे 500 पोती जुळली, पानं 15 लाखांच्या वर. 2007 मध्ये संगणकावरही काम सुरू झालं, पण ते 23 पोत्यांपाशीच अडलं. मला तर हातांच्या कामाचंच कौतुक वाटतं.

एवढा खर्च कशाला, असं इथेही म्हणतात. मला ते पटत नाही. 1992 पासून इथे ज्याच्यावर पाळत होती त्याला स्वतःची फाइल वाचता येते. शेजाऱ्याने चुगली केली की जवळच्या मित्राने, हे त्यातून कळतं. ज्याचं पान अजून पोत्यात आहे त्याला मात्र नुसता संशय घेऊन जगावं लागतं. म्हणून हे काम सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

खळीत मोरचूद किती घालायचात, ते पुढच्या पत्रात नक्की कळवा. आईला नमस्कार.

आपला,
निखिल