बोल्ट शेवटच्या केसभर अंतरावर अडतो

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

फोनवर हे सांगून होण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. तब्येत ठीक. आईचा गुडघा पावसाळ्यात असतो तसाच. रंकाळा भरलाय, पंचगंगेनं अजून काही त्रास दिलेला नाही. एवढंच.

आता मूळ गोष्ट. आमच्या पोरीचं, मनूचं, नेमबाजीचं पिस्तूल आलं. पॉइंट टू टू (.२२ इंची गोळीचं), सेमी ऑटोमॅटिक, पंचवीस मीटरच्या स्पर्धेला लागतं ते. लायसन्सचे हेलपाटे तुला माहीतच आहेत, कर्जाचंही माहीत आहे. आणि हे नवंकोरं पिस्तूल गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, नीट घेत नाही! इथं कुणाला सांगू? तिची आई म्हणते, परत करा. रेंजवर विचारलं तर प्रत्येकाच्या खिशात वेगळा इलाज. तू फौजेत आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं खोलून बसवलीस, त्याच्या आधी आयटीआयत माझ्या शेजारच्या व्हाइसवर बोटं सोलून घेतलीस. हे ऐकायला तूच पाहिजेस.

होतं काय, सांगतो. पहिली गोळी आत जाते, फायर होतो, काडतुसाचं रिकामं पितळी केस बाहेर उडतं. पुढची गोळी मॅगझीनमधून सुटते, रॅम्पच्या उतारावर चढते, चेंबरमध्ये शिरते आणि मागून चेंबर बंद करणारा बोल्ट पूर्ण मिटायच्या आधीच थांबतो. फट जेमतेम एक मिलिमीटर. चाप ओढला तर मेलेला. बोल्ट मिटल्याशिवाय चाप चालू न देणारा डिस्कनेक्टर चोख आहे हे नशीब. अर्धवट मिटलेल्या बोल्टवर ही रिमफायर (काठावर पिन आदळून फुटणारी) गोळी फुटली तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. इथले लोक मात्र बिनधास्त सांगतात, अंगठ्यानं ढकला पुढं. मनूला मी बजावलंय, ढकलायचं नाही. नळी टारगेटकडेच ठेव, मॅगझीन काढ, बोल्ट मागं घे, गोळी बाहेर, मग बघू.

पण दत्ता, पिस्तुलापेक्षा मला पोरीची काळजी लागलीय. परवा रॅपिड, म्हणजे झटपट गोळ्या मारायचा टप्पा, चालू होतं. तीन सेकंद टारगेट, सात सेकंद विश्रांती, असं पाच वेळा. मी मागं कठड्याजवळ उभा होतो. गोळी सुटली की तिची नजर उतरून बोल्टवर यायची. मिटला का? मग परत टारगेटकडे. तेवढ्यात खांदा वर चढलेला, श्वास तुटलेला. हात बिघडलेला नाही तिचा, भरवसा उडालाय. स्पर्धेत अडलं तर हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायचं, स्वतः काही उघडायचं नाही. आणि तीस गोळ्यांच्या एका टप्प्यात पिस्तूल अडल्याचा दावा एकदाच करता येतो. दुसऱ्यांदा अडलं तर न सुटलेल्या गोळीला शून्य. राही सरनोबतनं २०१८ ला एशियन गेम्समध्ये पालेम्बांगला याच प्रकारात सोनं घेतलं, तेव्हापासून ही पोरगी पंचवीस मीटरच्या मागं आहे. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यावर तर गावात प्रत्येक गल्लीत एक नेमबाज निघाला. पण आमची त्याच्या आधीची आहे, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

लायसन्स तिच्या नावावर, म्हणून ती समोर बसली आणि मी शेजारी. जुना पेपर अंथरला, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवल्या. खोललं तर बोल्टच्या खाचांत पिवळं, सुकून चिकट झालेलं ग्रीस. कारखान्यातनं गंज लागू नये म्हणून थापतात ते. कुणी पुसलंच नव्हतं. हे पिस्तूल ब्लोबॅक, म्हणजे बोल्टला लॉक नाही. मिटतो तो फक्त स्प्रिंगच्या जोरावर. एवढा गोंद मध्ये असल्यावर त्या स्प्रिंगचं काय चालणार? टर्पेंटाइन, नायलॉनचा ब्रश, चिंधी. चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसलं. मग तेल, तेही मनगटाला अत्तर लावावं इतकंच: बोल्ट जिथं घासतो त्या दोन पट्ट्यांवर. चेंबर कोरडं, मॅगझीन कोरडी, गोळीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनचं भोक कोरडं. रेंजवरच्या एका जाणत्यानं स्वतःच्या मॅगझीनमध्ये तेल ओतलंय. आता न जळलेली दारू आणि काजळी मिळून आत काळी खळ झालीय, पण ऐकतो कोण.

चेंबरच्या पुढच्या टोकाला बॅटरी मारली तर मेणाचं कडं. पॉइंट टू टूच्या शिशाला बाहेरून मेण असतंच, आणि मॅचच्या पिस्तुलाचं चेंबर मापात घट्ट. गोळीचं नाक नळीतल्या पिळाच्या खाचांना, रायफलिंगला, टेकतं. तेही ब्रशनं काढलं.

फरक पडला. लै फरक पडला. आधी मॅगझीनमागं मॅगझीन अडायची, आता पुष्कळ वेळ सुरळीत चालतं. दुकानदाराला फोन केला होता तेव्हा तो म्हणाला, "नवीन आहे, चालवून चालवून बसेल." स्प्रिंगपुरतं खरंही असेल. जास्त जोराच्या गोळ्या घालून बघा असंही कुणी सुचवलं. मी नाही म्हटलं. पिस्तुलाच्या पुस्तकात स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाच्या गोळ्या, लिहिलंय, त्यावरच चाललं पाहिजे. पण मधेच कधीतरी अजून अडतंच, तिथंच, शेवटच्या केसभर अंतरावर. आणि मधेच अडणारं यंत्र कायम अडणाऱ्यापेक्षा वाईट, हे आपण दोघांनी शिफ्टवर भोगलंय.

मग मी जे केलं ते ऐक. रेंजवर तिच्या पायाजवळच्या रिकाम्या केसेस गोळा करून आणल्या आणि भिंगाखाली धरल्या. रिमवर, म्हणजे केसच्या मागच्या काठावर, पिनेचा ठसा. आणि बरोबर त्या ठशाच्या रेषेत, पितळेवर उभा, केसाएवढा बारीक ओरखडा. दुसरी घेतली, तिथंच. तिसरी, तिथंच. मॅगझीननं ओरखडला असता तर इकडेतिकडे दिसला असता. हा पिनेच्या खालीच येतो, म्हणजे चेंबरच्या काठाला पिन जिथं बसते तिथंच काहीतरी आहे. कापसाचा बोळा काडीला लावून काठावरून फिरवला. सगळीकडे गुळगुळीत, आणि त्या एका जागी तंतू अडकला!

बर (burr) आहे दत्ता, धातूची वर आलेली बारीक कोर. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसलं की पिन काठावर आदळते आणि धातू आत ढकलला जातो. आमच्या मनूनं ओढलेला नाही, ती ड्राय ट्रेनिंगचा, म्हणजे गोळीविना सरावाचा, खटका लावूनच सराव करते. पिस्तूल आमच्या हातात यायच्या आधी कुणी ओढला, ते कसं कळणार.

आता इथं तू हसणार. सगळे म्हणतात, काडीला पॉलिश पेपर गुंडाळा आणि फिरवा, दोन मिनिटांचं काम. माझे हात शिवशिवतात रे. पण मला आयटीआयतला आपला तो मेल-फीमेल जॉब आठवतो, एक तुकडा दुसऱ्यात चपखल बसवायचा. तू "बसतंय, बसतंय" करत फाइल मारत सुटलास आणि मास्तरांनी जॉब उन्हात धरला तर फटीतनं आख्खा सूर्य दिसला. वर म्हणालास, माझी, या सुऱ्याची, फाइल खराब होती. गणपतीपर्यंत आपण बोललो नाही. फाइल चांगली होती, दत्ता. मी आजही तेच म्हणतो. काढलेला धातू परत येत नाही, आणि चेंबरचा काठ जास्त गेला तर केसला मागं आधारच राहत नाही. फुटली तर पोरीच्या हातात फुटेल.

तूच मागं सांगितलं होतंस, एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफली तुमच्याकडे यायच्या तेव्हा एक निमुळता, आरशासारखा पॉलिश केलेला दांडा वापरायचात म्हणून. धातू कापत नाही, दाबून पुन्हा जागेवर बसवतो. तेच इथं करायला पाहिजे असं माझं मत आहे. काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्यायचं, त्यात तडजोड नाही. पण कुणाकडे, हे तू सांग. आणि तो करत असताना शेजारी तू उभा पाहिजेस. मी उभा राहिलो तर त्याचं मनगट धरेन. तुला वाटलं की हे बर नाही, दुसरंच काही आहे, तर तसं स्पष्ट सांग. रिकामं केस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा ताण मी बघितलेला नाही, तेवढं माझ्या आवाक्यातलं नाही.

केसेसचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, पण फोटोत ओरखडा दिसत नाही. हातात धरून, उजेडात फिरवून बघावं लागतं. पिस्तूल पुण्याला आणायचं तर मनूलाच यावं लागेल, आणि तिचा सराव मोडायला नको. म्हणून तूच ये. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धर, सकाळी स्टेशनवर मी आहेच. शनिवारी रेंजवर जाऊ, तिचं रॅपिड बघ. पिस्तुलाच्या आधी तिची नजर बघ आणि मग मला सांग, नुसतं पिस्तूल नीट होऊन भागेल का.

सुमीचं लग्न ठरल्याचं कळलं. फार आनंद झाला, मुलगा काय करतो ते सविस्तर सांग. सिक्युरिटीची नोकरी सोडणार होतास, सोडलीस का? वहिनींना नमस्कार, त्यांच्यासाठी कांदा-लसूण मसाला बांधून ठेवलाय.

येताना तुझं ते डोळ्याला लावायचं भिंग आण. माझ्या भिंगाला चरा पडलाय, आणि या कामात तो चरा कुठला नि चेंबरवरचा कुठला, असं व्हायला नको.

तुझा,
सुऱ्या