बिब्बा उततो, हेही छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सुमाकच्या झाडांवरचा लेख आवडला. आंबट फळांची पूड, पानांनी कातडी कमावणं, सगळं छान आलंय. त्याच कुळातला आपला बिब्बा मात्र 'भेगांवर गुणकारी' एवढ्यावर उरकला. चांगल्या लेखात बिब्बा घालतोय असं वाटेल, पण माझं काष्ठौषधींचं दुकान आहे, म्हणून राहवत नाही.

बिब्बा आमच्याकडे बारा महिने खपतो. शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर ओवायला नेतात, थंडीत डिंकाच्या लाडवांसाठी गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, लागते. (ती फोडणाऱ्या बायकांचे हात कधी बघा, मग भावात घासाघीस करवत नाही.) पूर्वी परीटही न्यायचे. बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करून वर चुना लावायचा; कपडा विरला तरी खूण जात नसे. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर याच खुणांनी पुरळ उठलं होतं. धुतलेल्या कपड्यातूनही उततो तो!

हल्ली तरुण गिऱ्हाईक मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून बिब्बे मागतं. कुणाला चामखीळ जाळायची असते, कुणाला गुडघ्याला लावायचा असतो. माझी आजीही लावायची, पण दाभणाला टोचून दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की टाचेच्या निबर कातडीवर एकच ठिपका, भोवती आधी खोबरेल चोपडलेलं. पोरांना जवळ फिरकू देत नसे. परवा एका मुलीने हनुवटीवरच्या चामखिळीला लावला, तर डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं. काहींना नुसता हात लागला तरी फोड येतात.

वैद्यसुद्धा कच्चा बिब्बा वापरत नाहीत. विटेच्या चुऱ्यात घासून, धुऊन आधी त्याचं शोधन करतात. सरकारी औषध नियमांतल्या विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत 'भल्लातक' म्हणून तो आहेच. आमच्यासारख्या दुकानदारांनीही पुडीवर तसं लिहायला हवं. मी आता लिहितो.

तेव्हा उपाय छापायचाच, तर त्याच चौकटीत एवढं छापा: तोंडाला, नाजूक जागी आणि लहान मुलांना लावू नये, अंगाला लागला तर लगेच साबणाने धुवावं, आणि फोड आले तर खोबरेल चोपडून घरी न बसता डॉक्टर गाठावा.

– एक काष्ठौषधी विक्रेता, अमरावती