जेट्टी झाल्या, वाटेत बंद पडलेल्या बोटीचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोकणातील खाड्यांमध्ये उभ्या राहणाऱ्या नव्या जेट्टींविषयीचा सविस्तर वृत्तान्त आपल्या दैनिकात वाचला. त्यात जेट्टींची लांबी होती, खर्च होता, येऊ घातलेल्या पर्यटकांचे अंदाज होते. पण दोन जेट्टींच्या मधल्या समुद्रात एखादी लहान बोट बंद पडली, तर तिने जायचे कुठे, याविषयी एक ओळही नव्हती. हा दोष मी वार्ताहराला देत नाही. ज्या आराखड्यांवरून तो वृत्तान्त लिहिला गेला, त्यांतच ती ओळ नसावी, असा माझा अंदाज आहे.

मी समुद्राचा जाणकार नव्हे. राज्य परिवहनाच्या कार्यशाळेत तीस वर्षे डिझेल इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात गेली, एवढीच माझी पुंजी. गेल्या फाल्गुनात माझ्या मेव्हण्याने पर्यटकांसाठी रेवदंड्याला एक जुनी, चोवीस फुटी फायबरची बोट विकत घेतली आणि ती ट्रकवर चढवून आणण्याऐवजी समुद्रमार्गेच देवबागला न्यावी, असे ठरले. मेव्हणा, मी आणि देवबागचाच एक मुरलेला खलाशी असे तिघे निघालो. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, ताशी सात सागरी मैलांचा वेग, आणि बेत असा की दशमीला हर्णै, एकादशीला जयगड, द्वादशीला विजयदुर्ग आणि त्रयोदशीला सकाळी देवबाग.

तिथ्यांचा हा हिशेब कर्मकांडासाठी नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आजही बराच बरोबर उतरतो. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास देवबागच्या कर्ली खाडीच्या मुखावर पुरेसे पाणी असणार आणि तोवर समुद्र शांत असणार. फाल्गुन-चैत्रात पहाटे जमिनीवरून मंद मतलई वाहते आणि पाणी तेलासारखे पडून असते. अकरा-बारापासून वायव्येचा वारा धरतो आणि दुपारी लहान बोटीला त्या पाण्यात जागा उरत नाही. आमचा खलाशी हे एका वाक्यात सांगत असे : "सकाळचो दर्यो आपलो, दुपारचो वाऱ्याचो."

आमचा हा सगळा हिशेब एका रबरी चकतीने मोडला. एकादशीला पहाटे साडेपाचला हर्णै सोडले, दाभोळचे मुख मागे टाकले आणि गुहागरसमोर आलो असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. बोटीच्या मागच्या बाजूला धुराबरोबर पाण्याची जी पिचकारी पडत राहते, ती थांबली होती. इंजिन बंद केले, सहा वाव पाण्यात नांगर टाकला आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारा पंप उघडला. पाणी आत घेणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. पंप कोरडा फिरला होता आणि आतल्या इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चकतीच्या, सहा पाकळ्यांपैकी चार तुटून गेल्या होत्या. तुटलेल्या पाकळ्या जातात कुठे, हे कार्यशाळेत शिकलेले इथे कामी आले : त्या पाण्याबरोबर पुढे वाहतात आणि नळीच्या वळणात किंवा कूलरच्या तोंडाशी अडकून बसतात, आणि त्या काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवला तरी इंजिन पुन्हा तापते. तीन तुकडे सापडले. चौथ्यासाठी मी हलत्या बोटीत पालथा पडून तासभर नळ्या सोडवत होतो. तो शेवटी कोपराच्या आकाराच्या जोडात निघाला, नखाएवढा.

सुटा इम्पेलर आमच्याजवळ नव्हता, हेही लपवून चालणार नाही. पट्टा घेतला होता, डिझेलचे दोन फिल्टर घेतले होते. इम्पेलर मात्र विकणाऱ्याने "नवाच टाकलाय" म्हटल्यावर मी उघडून न पाहता विश्वास ठेवला. आयुष्यभर शिकाऊ मुलांना ज्या चुकीबद्दल बोललो, ती स्वतः केली.

पण ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे, तो इथून सुरू होतो. बिघाड सकाळी सव्वाआठला झाला तेव्हा समुद्र आरशासारखा होता. मदतीला आलेली मासेमारी नौका आपले जाळे ओढून झाल्यावर, म्हणजे साडेबाराला, आमच्यापर्यंत पोहोचू शकली आणि तोवर वारा धरला होता. जयगडपर्यंतचे अकरा-बारा सागरी मैल तिने आम्हाला टोचन करून नेले. रस्त्यावर टोचन करताना दोर ताणलेला राहतो. मागून लाटा येत असताना मात्र ओढली जाणारी बोट लाटेवरून पुढे घसरते, दोर सैल पडतो आणि पुढच्याच क्षणी असा हिसका बसतो की नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, खुंटा उपटून येईल असे वाटते. दोर दोनदा तुटला. सकाळी अर्ध्या तासाची कटकट ठरावी असा तो बिघाड दुपारी जिवावरचा प्रसंग होऊन बसला होता.

सरकारी कागदांत बिघाड आणि हवामान ही दोन वेगळी प्रकरणे असतात. लहान बोटीच्या बाबतीत ते एकच प्रकरण आहे. वाईट हवामानात जाणूनबुजून कोणी शहाणा निघत नाही. दुरुस्तीत गेलेले तास त्याला त्या हवामानात नेऊन सोडतात.

जयगडच्या धक्क्यावर आसरा मिळाला, माणुसकीही भरपूर मिळाली. सुटा भाग मात्र मिळाला नाही. ज्याच्याकडे तो असण्याची शक्यता होती, तो मिस्त्री शिमग्याला गावी गेला होता, आणि शिमग्याला कोकणी माणूस गावी गेला याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. रत्नागिरीत चौकशी केली, तिथेही त्या मापाचा नव्हता. शेवटी मुंबईहून दुसऱ्या रात्रीच्या बसने तो निघाला, त्रयोदशीला पहाटे महामार्गावर निवळी फाट्याला उतरवून घेतला आणि रिक्षाने जयगडला आणला. वस्तू हजार-बाराशे रुपयांची, बसवायला वीस मिनिटे. खोळंबा पुरता दोन दिवसांचा.

या दोन दिवसांनी भरती दीड तास पुढे सरकली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला आम्ही देवबागसमोर साडेनऊला पोहोचलो खरे, पण मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर पुरेसे पाणी चढेपर्यंत बाहेरच थांबावे लागले आणि थांबता थांबता वारा आला. तुटणाऱ्या लाटांच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून वाट नेमकी कुठून आहे, हे आमच्या खलाशालाही सांगता येईना, कारण त्याने ती वाट पावसाळ्याआधी पाहिली होती आणि दर पावसाळ्यात ती बदलते. स्थानिक बोटवाल्या एका पोराने पुढे येऊन हाताच्या खुणांनी आम्हाला आत घेतले. तिथे वाट दाखवणारा एकही तरंगता बोया नव्हता.

ही काही एका खाडीची गोष्ट नाही. २०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांत रेवदंड्याची कुंडलिका, राजपुरी खाडी, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री ही आपली नावे आहेत. पण आपल्या नद्या सह्याद्रीतून पश्चिमेला धावतात, त्यामुळे यांतला प्रत्येक जलमार्ग समुद्राच्या तोंडाशी येऊन संपतो. एका खाडीतून दुसरीत जायचे, तर मधल्या डोंगराच्या सोंडेला उघड्या समुद्रातूनच वळसा घालावा लागतो. केरळातील कोल्लम ते कोट्टापुरम हा १६८ किलोमीटरचा मार्ग १९९३ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग झाला. तो किनाऱ्याला समांतर, कायल, म्हणजे किनाऱ्यालगतची खाजणे, आणि कालवे यांतून जातो. तिथे इंजिन बंद पडले, तर बांबूने रेटत काठाला लागता येते. तिथल्या जलवाहतुकीची छायाचित्रे दाखवून इथे जेट्टी मंजूर करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आपल्याकडे पूर्वी आगबोटी होत्या, मग तेव्हा कसे चालत होते, असा प्रश्न कोणी विचारील. आगबोट बहुतेक बंदरांत बाहेर खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला येत. पडावाच्या तांडेलाला मुखावरची वाळू घरच्या अंगणासारखी माहीत असे, कारण तो रोज तेवढेच अंतर जात-येत असे. आजची पर्यटक बोट म्हणजे तो पडावच आहे. फक्त आता त्याला एका खाडीतून दुसऱ्या खाडीपर्यंतचा समुद्रही कापायचा असतो आणि दुसऱ्या टोकाची वाळू त्याला माहीत नसते.

हवामानाच्या माहितीबद्दल सरकारला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचे लाटा-वाऱ्याचे अंदाज आम्ही रोज रात्री मोबाइलवर पाहत होतो आणि ते चांगलेच बरोबर निघाले. उणीव आहे ती शेवटच्या दोन मैलांची. लाट सव्वा मीटरची असेल, हे कळते. त्या लाटेत अमुक मुखातून आत जाता येईल का, हे कळत नाही. बंदरावर लावलेला धोक्याचा तीन नंबरचा बावटा बंदरात उभ्या असलेल्याला दिसतो, बाहेर असलेल्याला नाही. मोबाइलची रेंज कड्यांच्या आडोशाला जाते. वाटेतल्या एका बंदर कार्यालयात मुखावर ओहोटीला किती पाणी असते, असे विचारले, तेव्हा "मच्छीमारांना विचारा" असे उत्तर मिळाले. सल्ला खरा होता, म्हणूनच वाईट वाटले. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आमच्याजवळ होता, पण तो जीव वाचवण्यासाठी आहे. हजार रुपयांच्या रबरासाठी तो फिरवायची वेळ येऊ नये.

यावर उपाय फार खर्चाचे आहेत असे मला वाटत नाही. एका जेट्टीच्या खर्चातून कदाचित साऱ्या किनाऱ्याचे भागेल. दर पावसाळा संपला की प्रवासी बोटी जातात त्या प्रत्येक मुखाची खोली मोजावी, वाटेच्या दोन्ही अंगांना बोये टाकावेत आणि ती खोली व त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा जेट्टीवरच्या फळ्यावर खडूने लिहाव्यात. खडू चालेल, डिजिटल फलक नको, तो पहिल्या खाऱ्या वाऱ्याला बंद पडतो. दर पंधरा-वीस सागरी मैलांवर बोट वर ओढून घेण्याची एक उतरती जागा आणि प्रचलित पाच-सहा इंजिनांचे इम्पेलर, पट्टे, फिल्टर असलेले एक कुलूपबंद कपाट असावे, पैसे भरून वस्तू न्यावी. मुळात कोकणातल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग चालतोच. त्यात समुद्राच्या पाण्याने थंड होणारे एक इंजिन आणून ठेवले, तर मुंबईच्या रात्रीच्या बसवर अवलंबून राहणे कमी होईल. डिझेलचेही तेच. मच्छीमार संस्थांचे पंप धक्क्यावर असतात, पण आम्ही जिथे विचारले तिथे ते फक्त सभासदांच्या नौकांसाठी होते. सवलतीशिवाय, पूर्ण भावाने ते इतर बोटींना मिळण्याची सोय झाली, तर कॅन घेऊन रिक्षा शोधत फिरावे लागणार नाही. संस्थांनाही त्यात चार पैसे सुटतील.

हे केवळ हौशी पर्यटनासाठी मागतो आहे, असा समज होऊ नये. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ऑक्टोबर २०१९ चे क्यार, मे २०२१ चे तौक्ते ही वादळे आठवावीत. क्यारच्या वेळी परराज्यांतल्या नौकाही देवगड बंदरात आसऱ्याला येऊन उभ्या राहिल्या होत्या. वादळाचा इशारा मिळाल्यापासून निवाऱ्यापर्यंत पोहोचायला जे तास हाताशी असतात, ते एखाद्या नौकेचे तुटलेल्या पट्ट्यापायी किंवा पंख्यात गुंतलेल्या जाळ्यापायी जाऊ शकतात, आणि तिच्या वाटेवर मुख चिन्हांकित असलेली एखादी जवळची खाडी असणे-नसणे यावर बरेच काही ठरते.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो आणि पर्यटकांच्या बोटी दिवाळीपूर्वी पाण्यात उतरतात. निदान यंदा त्याआधी कर्ली आणि दाभोळ या दोन मुखांची मोजणी होऊन बोये पडावेत, अशी संबंधित खात्याला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. आणि गुहागरसमोर आम्हाला ओढून नेणाऱ्या, पैसे घ्यायला ठाम नकार देणाऱ्या तांडेलाच्या वाचनात हे पत्र आलेच, तर त्याने कळवावे : त्याचा तुटलेला दोर अजून आमच्याकडे आहे आणि त्याच्या जोडीला तेवढ्याच लांबीचा नवा दोर आणून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त यांत्रिक कर्मचारी,
मालवण तालुका