जोडरस्त्याआधी पाण्याची वाट दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या दक्षिणेकडील आमच्या शिवारातून महामार्गाला मिळणारा नवा जोडरस्ता जाणार, अशी नोटीस वर्तमानपत्रात आली आणि तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी उभ्या पिकात यंत्रे शिरलेली या भागाने पाहिली आहेत, त्यामुळे लोक धास्तावले तर नवल नाही. भरपाईच्या दराबद्दल बरेच जण बोलत आहेत. मला पाण्याबद्दल लिहायचे आहे.

आमची जमीन काळी आणि सखल. मे अखेरीस, पावसाआधी कोरड्या मातीत, धूळवाफ पेरणी होते, बासमती आणि इंद्रायणी पिकते, आणि भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. म्हणजे एकाच ओलीवर घरची दोन पिके. बळ्ळारी नाला गाळ आणि जलपर्णीने भरलेला असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पात्र सोडून शिवारात पसरते आणि बांधाबांधाने हळूहळू उतरते. या उतरणीला आडवा सात-आठ फूट उंचीचा भराव पडला, तर ते जाणार कुठे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या पाणंदीचा रस्ता उंच केला आणि खाली एकच सिमेंटचा पाइप घातला. पहिल्याच मोठ्या पावसात तो जलपर्णी आणि प्लास्टिकने तुंबला. रात्री अकरा वाजता आम्ही सहा जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून कोयत्याने ती गुंतवळ कापत होतो. वरच्या अंगाला माझे 26 गुंठे चार दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरले तेव्हा रोपावर चिखलाचा थर बसला होता आणि हातात धरले की मुळापासून कुजका वास येत होता. शेजाऱ्याकडून रोप मागून पुन्हा लावण केली, पण हंगाम हातचा गेला तो गेलाच. एका पाणंदीने हे केले. जोडरस्ता तर अख्ख्या शिवाराला आडवा जाणार आहे.

ज्यांची जमीन रस्त्यात जाते त्यांचे सर्व्हे नंबर नोटिशीत आहेत. ज्यांची जमीन जात नाही, पण भरावाच्या वरच्या बाजूला राहून बुडणार आहे, त्यांचा उल्लेख कुठेच नाही. त्यांना हरकत घ्यायची असते हेसुद्धा कित्येकांना माहीत नाही. रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या किती, कुठे आणि किती रुंद हे विचारले तर ‘नकाशा नंतर येईल’ असे उत्तर मिळते. नंतर म्हणजे केव्हा? राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 प्रमाणे हरकतीला फक्त 21 दिवस आहेत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बागायती दुपीक जमीन अगदी नाइलाज असेल तरच घ्यावी असे म्हटले आहे, पण रस्ते आणि रेल्वे यांना त्या कलमातून सूट आहे. तेव्हा आमच्या हातात सुनावणी तेवढी उरते.

तिथेही अडचण आहेच. मराठीत लिहिलेल्या हरकती ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून आमच्या दोघा वयस्कर शेतकऱ्यांना परत केल्या गेल्या. कन्नड आम्हाला परके नाही, बाजारात आणि बसमध्ये रोज बोलतो. पण कायद्याच्या कागदावर अंगठा उठवायचा तर त्यातले प्रत्येक वाक्य समजायला हवे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने दिला आहे. त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप मारली, एसटीचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी घालवून.

आणखी एक. तिरप्या आखणीने शेताचे दोन तुकडे होतात आणि टोकाला जी त्रिकोणी चिंचोळी जागा उरते तिथे ट्रॅक्टर वळत नाही. बायका वैरणीचे भारे डोक्यावर घेऊन रोज पलीकडून येतात. त्यांनी भरधाव ट्रक चुकवून रस्ता ओलांडायचा, की दोन किलोमीटर वळसा घालायचा? भुयारी वाट आराखड्यात आजच दाखवली पाहिजे, अपघात झाल्यावर नको.

रस्त्याला आमचा सरसकट विरोध नाही. शहरातली कोंडी आम्हीही भोगतो, भाजी मार्केटला पोचायला तास-तास लागतो. मागणी इतकीच की मोऱ्या आणि भुयारी वाटा दाखवणारा नकाशा हरकतीची मुदत संपण्याआधी ग्रामपंचायतीत लावावा, वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनाही ऐकून घ्यावे आणि सुनावणी गावात, मराठीतून समजावून घ्यावी.

मोजणीची माणसे आली तेव्हा मार्च होता. मसूर काढून झालेली, जमिनीला भेगा पडलेल्या. त्यांनी लाल रंगाचे दगड पुरले ती जागा ऑगस्टमध्ये दिसतसुद्धा नाही. अभियंत्यांनी आराखडा पक्का करण्याआधी एकदा भर पावसात शिवारात यावे. पाणी कुठून येते आणि कुठे उतरते ते दाखवायला आम्ही बांधावर हजर राहू.

– एक भात उत्पादक शेतकरी, बेळगाव तालुका